क्लिंगॉनच्या कपाळावर आठ्या आल्या कुठून?

२३ मार्च १९६७ ला अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’चा जो भाग लागला, त्यात क्लिंगॉन ही परग्रहावरची जमात पहिल्यांदा दिसली. तपकिरी रंग फासलेले चेहरे, जाड भुवया, हनुवटीकडे उतरत गेलेल्या मिशा. एवढं सोडलं तर चारचौघांसारखी माणसंच. मग १९७९ साली ‘स्टार ट्रेक’चा पहिला चित्रपट आला, आणि त्यातल्या क्लिंगॉनांच्या कपाळावरून थेट टाळूपर्यंत पाठीच्या कण्यासारखा हाडाचा उंचवटा गेलेला होता. मधल्या बारा वर्षांत त्या ग्रहावर असं झालं तरी काय? चित्रपटात त्याबद्दल अवाक्षर नाही. अधिकृत उत्तर मिळायला २००५ साल उजाडलं.

आपल्याकडच्या रोजच्या मालिकांत सून बदलली, की ‘आजपासून ही भूमिका अमुक साकारतील’ अशी पट्टी पडद्याखालून सरकते आणि गोष्ट पुढे चालू राहते. प्रेक्षकही समजून घेतात. विज्ञानकथेच्या प्रेक्षकाची गोष्ट वेगळी. त्याला एक अख्खं जग खरं मानायला लावलेलं असतं, त्यामुळे त्या जगात कपाळ बदललं की तो कारण विचारतो. लेखकांनाही मग कधी ना कधी उत्तर द्यावंच लागतं. पण कपाळाची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. एखाद्या जमातीचा स्वभावच बदलला तर? आणि हे तर सारखंच होत असतं.

ज्यांनी ‘स्टार ट्रेक’ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जीन रॉडनबेरी यांनी १९६६ साली सुरू केलेली ही मालिका. भविष्यातली माणसं ‘एंटरप्राइज’ नावाच्या यानातून तारे धुंडाळत फिरतात, अनेक ग्रहांनी मिळून बनवलेल्या फेडरेशनसाठी काम करतात, आणि दर आठवड्याला त्यांची नव्या कुणाशी तरी गाठ पडते. मूळ मालिका तीन हंगाम आणि ७९ भागांत आटोपली. पुढे मात्र त्याच जगात ‘नेक्स्ट जनरेशन’, ‘डीप स्पेस नाइन’, ‘व्हॉयेजर’, ‘एंटरप्राइज’, ‘डिस्कव्हरी’ अशी रांगच लागली. साठ वर्षं, डझनभर मालिका, शेकडो लेखक, आणि सगळ्यांना वापरायला त्याच चार-सहा जमाती. जमाती घडतात कशा आणि बिघडतात कशा हे पाहायला याहून चांगलं उदाहरण टीव्हीवर मला माहीत नाही.

सुरुवात नेहमी पैशांपासून होते. १९६६ च्या डिसेंबरात रोम्युलन ही जमात आली. ते ‘एंटरप्राइज’वरच्या मिस्टर स्पॉकच्या व्हल्कन लोकांचे दूरचे भाऊबंद, म्हणून त्यांना टोकदार कान हवेत. पण कान चिकटवायला वेळ लागतो आणि प्रत्येक जोडीचे पैसे मोजावे लागतात. मग काय केलं? किरकोळ भूमिकांतल्या रोम्युलन सैनिकांना शिरस्त्राणं घातली. कान झाकले, प्रश्न मिटला. काही महिन्यांनी क्लिंगॉन आले ते फक्त रंग आणि मिशांवर भागणारे. पुढच्या दोन हंगामांत मालिकेने शत्रू म्हणून रोम्युलनांपेक्षा क्लिंगॉनांना जास्त वेळा बोलावलं, त्यामागे ते स्वस्तात पडतात हेही एक कारण होतं. विश्वातल्या दोन साम्राज्यांपैकी कोणतं बलाढ्य ठरावं, हे रंगभूषेच्या खर्चाने ठरवलं म्हणायचं.

पहिला क्लिंगॉन सेनापती कोर. ही भूमिका जॉन कोलिकोस यांनी केली होती आणि तो भाग लिहिला होता जीन कून यांनी. काळ शीतयुद्धाचा, व्हिएतनाम पेटलेलं. कोर एका गरीब, शांत ग्रहावर ताबा मिळवायला येतो. चेहरा चंगेजखानाच्या धर्तीवर रंगवलेला, जो आज बघताना चांगलाच खटकतो. पण त्याचं बोलणं ऐकण्यासारखं आहे. आमच्यात प्रत्येकावर पाळत असते, माझ्यासारख्या सेनापतीवरसुद्धा, आणि म्हणूनच आम्ही बलवान आहोत, असं तो अभिमानाने सांगतो. म्हणजे मूळचा क्लिंगॉन हा पोलिसी राज्याचा हुशार, गोडबोल्या, क्रूर अधिकारी होता. इमानाच्या शपथा, रणांगणावरचं मरण, कुळाची इज्जत यांपैकी काहीही त्याच्याजवळ नव्हतं.

ती इज्जत होती रोम्युलनांकडे. त्यांच्या पहिल्याच भागात मार्क लेनर्ड यांनी केलेला सेनापती हरल्यावर ‘एंटरप्राइज’च्या कॅप्टन कर्कला सांगतो, की दुसऱ्या कुठल्या जगात आपण मित्र झालो असतो. मग शरण न जाता तो स्वतःच्या हाताने आपलं यान उडवून देतो. हा खरा उमदा शत्रू.

मग ही इज्जत एका घरातून दुसऱ्या घरात गेली कशी? यात माझ्या मते सगळ्यात गमतीचा भाग आहे. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या कच्च्या आराखड्यात खलनायक रोम्युलन होते. पुढे विचार बदलला आणि त्या जागी क्लिंगॉन आले. पण रोम्युलनांसाठी योजलेलं बरंचसं सामान तसंच राहिलं. अदृश्य होणारं, शिकारी पक्ष्याच्या आकाराचं यान ही मुळात रोम्युलनांची ओळख. त्या चित्रपटापासून ते क्लिंगॉनांचं झालं, ते आजतागायत. यानाच्या जोडीने लढवय्येपणाचा थाटही हळूहळू तिकडे सरकला. रोम्युलनांच्या वाट्याला मग काय उरलं? कोरने सोडलेली जागा: गुप्तहेर, कारस्थानं, पाळत. १९८७ नंतरच्या मालिकांतले रोम्युलन पाहा, ते १९६७ च्या क्लिंगॉनांसारखे वागतात. दोन जमातींनी एकमेकींचे स्वभाव अदलाबदल करून घेतले, आणि असं करायचं कोणी ठरवलेलं नव्हतं.

त्याच चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने क्लिंगॉन भाषेला व्याकरण दिलं. १९७९ च्या चित्रपटात मोजके शब्द होते, ते यानाचा इंजिनिअर स्कॉटी याची भूमिका करणाऱ्या जेम्स डूहान यांनी सुचवलेले. ओक्रँड यांनी त्यांचा आधार घेऊन पूर्ण भाषा रचली. वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता. १९८५ साली तिचा शब्दकोश छापून आला. ज्या जमातीला स्वतःच्या शिव्या असतात तिला पुढचा लेखक हलक्यात घेऊ शकत नाही.

घरात कायमचा आलेला एक जण

तरीही इथवरचा क्लिंगॉन पाहुणाच होता. महिन्या-दोन महिन्यांनी येणार, गुरगुरणार, हरणार. पाहुण्या जमातीला एक स्वभाव पुरतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत आमच्या नायकांसमोर उभं राहायचं, तर ‘हे लोभी’, ‘हे तर्कनिष्ठ’, ‘हे लढाऊ’ अशी एकेक पाटी गळ्यात असली की काम भागतं. लेखकाला वेळ नाही, प्रेक्षकालाही नाही.

चित्र पालटतं ते त्या जमातीतला एक जण रोजच्या मंडळींत येऊन बसला की. १९८७ च्या ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये वॉर्फ आला. रॉडनबेरी यांना नव्या मालिकेत जुन्या जमाती फारशा नको होत्या, आणि वॉर्फचं नाव पात्रांच्या यादीत उशिरा आलं. फेडरेशन आणि क्लिंगॉन यांच्यात आता शांतता आहे, एवढं दाखवायला यानावर एक क्लिंगॉन उभा केलेला. मायकल डॉर्न यांनी ही भूमिका केली. सुरुवातीला वॉर्फचं काम म्हणजे दार उघडल्यावर आधी शस्त्र रोखणं आणि कॅप्टनने नको म्हणणं.

पण वर्षाला सव्वीस भाग लिहायचे म्हणजे हा माणूस कोण, कुठला, याचा जमाखर्च मांडावाच लागतो. वॉर्फ लहानपणी रोम्युलनांच्या हल्ल्यात अनाथ झाला, त्याला रशियन वंशाच्या माणसांनी वाढवलं. म्हणजे त्याने क्लिंगॉनपण जगून शिकलेलं नाही, वाचून आणि ऐकून शिकलेलं आहे. परदेशात वाढलेली मुलं कधी कधी गावातल्या मुलांपेक्षा कडक सोवळं पाळतात, तसा वॉर्फ क्लिंगॉनांपेक्षा जास्त क्लिंगॉन.

१९९० च्या मार्चमध्ये आलेल्या एका भागात या धाग्याला पीळ बसला. त्या भागाच्या लेखनात रॉनल्ड मूर होते. पुढे अनेक वर्षं क्लिंगॉनांची बाजू त्यांनीच सांभाळली. वॉर्फच्या मेलेल्या बापावर देशद्रोहाचा आरोप होतो. वॉर्फ आपल्या मूळ ग्रहावर जाऊन लढतो आणि सत्य बाहेर येतं, की गद्दार त्याचा बाप नव्हता, एका बड्या घराण्यातला दुसराच कुणी होता. राजसभेला हे आधीपासून ठाऊक असतं. पण खरं नाव जाहीर केलं तर घराण्याघराण्यांत यादवी होईल, म्हणून मेलेल्या आणि वारस नसल्यासारख्या वाटणाऱ्या माणसाच्या माथी आळ मारलेला. साम्राज्य फुटू नये म्हणून वॉर्फ तो कलंक स्वतःवर घेतो, आणि सगळी सभा एकेक करून त्याच्याकडे पाठ फिरवते.

इज्जत, इज्जत म्हणून छाती पिटणारी ही जमात एका खोटेपणावर उभी आहे, आणि इज्जतीने वागणारा इथे एकच जण आहे, तोही बाहेर वाढलेला. या एका भागाने क्लिंगॉनांना आधीच्या तेवीस वर्षांत मिळालं नव्हतं ते दिलं: स्वतःशीच असलेलं भांडण. माझ्या मते हीच किल्ली आहे. नवा ग्रह, नवे सण, नवं जेवण दाखवून जमात खोल होत नाही. जिवंत किड्यांचं ताट पडद्यावर आणायला फार अक्कल लागत नाही. तिच्यातलाच कुणीतरी उठून तिच्या पाटीवर बोट ठेवतो तेव्हा ती खोल होते.

मूर यांनी हे भांडण जवळजवळ दहा वर्षं चालू ठेवलं. ‘डीप स्पेस नाइन’ संपता संपता, १९९९ साली, एझ्री डॅक्स ही ट्रिल जमातीची बाई वॉर्फला स्पष्ट सुनावते, की तुमचं साम्राज्य मरायला टेकलंय, आणि कदाचित त्याची लायकीच ती आहे. सगळ्यांना माहीत असतं की सत्तेवरची माणसं भ्रष्ट आहेत, आणि तुझ्यासारखा सज्जनसुद्धा ते चालवून घेतो. वॉर्फजवळ उत्तर नसतं. पुढे तो साम्राज्याचा प्रमुख, चॅन्सेलर गॉरॉन याला द्वंद्वात मारतो आणि गादी स्वतः न घेता मार्टोक या साध्या घरातून वर आलेल्या सेनापतीला देतो.

२००३ साली ‘एंटरप्राइज’ या मालिकेत त्याच प्रश्नाला मागच्या बाजूने हात घातला गेला. ती गोष्ट मूळ मालिकेच्याही शंभर वर्षं आधीची. त्यात कोलोस नावाचा म्हातारा क्लिंगॉन वकील आहे. तो सांगतो, आमच्याकडे सगळेच योद्धे नव्हते. माझा बाप शिक्षक होता, आई जीवशास्त्रज्ञ. मग हळूहळू योद्ध्यांच्या वर्गाने सगळं ताब्यात घेतलं आणि तरुणांना शस्त्र हाती धरण्यातच मोठेपणा वाटू लागला. कोलोसची भूमिका जे. जी. हर्ट्झलर यांनी केली होती, ज्यांनी मार्टोकही केला होता. या छोट्या भाषणाने लेखकांची एक जुनी अडचण परस्पर सोडवली. सगळे क्लिंगॉन एकाच छापाचे का, ही इतकी वर्षं लेखनातली उणीव होती. कोलोसने तिला त्या समाजाचा इतिहास करून टाकलं.

कारण द्यायचं, की गप्प बसायचं

मागे जाऊन कारण जोडण्याच्या या कामाला रसिक ‘रेटकॉन’ म्हणतात. पुढच्या लेखकाने मागच्या गोष्टीला लावलेलं ठिगळ. ठिगळ वाईटच असतं असं नाही, पण सगळीकडे ते लागतंच असंही नाही.

कपाळाचं घ्या. १९९४ साली ‘डीप स्पेस नाइन’ने जुन्या मालिकेतले कोर, कोलोथ आणि कँग हे तिघे सेनापती परत आणले, तेच तीन नट. आता त्यांच्या कपाळांवर उंचवटे होते. खुलासा? नाही. दोन वर्षांनी, मालिकेच्या तिसाव्या वाढदिवसाच्या भागात, वॉर्फ आणि मंडळी काळात मागे जाऊन १९६७ च्या एका जुन्या भागात शिरतात. संगणकाच्या मदतीने नव्या नटांना जुन्या चित्रीकरणात बसवलेलं. तिथे सपाट कपाळाचे क्लिंगॉन दिसतात आणि सगळे वळून वॉर्फकडे बघतात. यंत्रं सांभाळणारा ओब्रायन विचारतो, जनुकीय प्रयोग होता का? डॉक्टर विचारतो, विषाणू होता का? वॉर्फ ओशाळून म्हणतो, आम्ही बाहेरच्यांशी याबद्दल बोलत नाही.

याहून चांगलं उत्तर कुणाला सुचणार नाही. एका वाक्यात विनोदही झाला आणि त्या स्वाभिमानी जमातीची शरमही आली. पण २००५ च्या फेब्रुवारीत ‘एंटरप्राइज’ने दोन भाग खर्चून खरं कारण सांगितलंच. क्लिंगॉन शास्त्रज्ञ माणसाच्या सुधारित जनुकांपासून बलवान सैनिक बनवायला जातात, त्यातून हवेतून पसरणारी साथ येते, साथीवरच्या इलाजाने जीव वाचतात पण चेहरे माणसासारखे होऊन बसतात. म्हणजे डॉक्टर आणि ओब्रायन दोघांचाही अंदाज बरोबर! शेवटी एक क्लिंगॉन डॉक्टर जाता जाता म्हणतो, की आता कपाळाच्या शस्त्रक्रियेला चांगली मागणी येईल. त्यात कोर, कोलोथ आणि कँग यांचीही सोय झाली. भाग नेटका आहे, नाकारत नाही. पण वॉर्फच्या त्या एका वाक्याची मजा त्याला नाही.

ट्रिल जमातीच्या बाबतीत उलटं घडलं. १९९१ मध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा त्यांच्या कपाळावर आणि नाकावर रबरी उंचवटे होते. त्यांच्या पोटात राहणारा दुसरा एक जीव हाच खरा, बाहेरचं शरीर नुसतं वाहन, असा तो प्रकार. शिवाय ट्रान्सपोर्टरमधून, म्हणजे माणसाला क्षणात एका जागेहून दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्रातून, त्यांना पाठवता येत नसे. दीड-दोन वर्षांनी ‘डीप स्पेस नाइन’मध्ये टेरी फॅरेल यांची जॅडझिया डॅक्स आली. तिचा चेहरा रबराखाली लपवायला कुणी तयार होईना. मग उंचवटे गेले आणि त्या जागी कपाळाच्या कडेने मानेकडे उतरणारे ठिपके आले. ट्रान्सपोर्टरची अडचण गेली. मुख्य म्हणजे पोटातला जीव आणि बाहेरची व्यक्ती यांचं मिळून एक तिसरंच व्यक्तिमत्त्व बनतं, असं ठरलं. यातल्या एकाही गोष्टीचा खुलासा त्या मालिकेने दिला नाही. बरंच केलं. नवी ट्रिल जुनीपेक्षा इतकी रंजक होती, की जुनीची आठवण काढायला फारसं कुणी बसलं नाही.

एकदा मात्र ठिगळ लावणं गरजेचं झालं होतं. ‘एंटरप्राइज’च्या पहिल्या हंगामात, २००१ पासून, व्हल्कन लोक खोटं बोलणारे, आढ्यताखोर, माणसांची प्रगती अडवून धरणारे दाखवले. त्यांच्या मठाखाली चक्क हेरगिरीचं केंद्र निघालं. स्पॉकवर जीव टाकणारे प्रेक्षक भडकले. २००४ मध्ये मॅनी कोटो यांच्या हाती मालिकेची सूत्रं असताना तीन भागांची एक कथा आली. तिच्यानुसार या काळातले व्हल्कन त्यांच्या सुराक या तत्त्वज्ञाची मूळ शिकवण हरवून बसले होते, आणि त्यांच्या सरकारातल्या बड्या माणसाचं रोम्युलनांशी संधान होतं. मूळ ग्रंथ सापडतो आणि समाज वळणावर येतो. तीन वर्षांच्या चुकीच्या लेखनाला धर्मसुधारणेआधीचा अंधारा काळ ठरवून टाकलं! मला हे जमलेलं वाटतं, कारण त्यातही व्हल्कन एकमेकांशीच भांडतात. 

हसं झालेल्या खलनायकांची सुटका

आता फेरेंगी. यांच्याइतकी वाईट सुरुवात क्वचितच कुणाची झाली असेल. १९८७ साली ‘नेक्स्ट जनरेशन’ला नवे शत्रू हवे होते, क्लिंगॉनांची जागा घेतील असे. पहिल्याच भागात त्यांच्याबद्दल अशी धास्ती घातली, की ते आपल्या भागीदारांना खातात की काय अशी शंका यावी. काही आठवड्यांनी ते प्रत्यक्ष दिसले: बुटके, मोठाल्या कानांचे, अंगावर कातडी, हातात विजेचे चाबूक, माकडांसारखे उड्या मारत फिरणारे. प्रेक्षक घाबरायच्या ऐवजी हसले. शिवाय पैशाला हपापलेला, मोठ्या नाका-कानांचा व्यापारी, हे चित्र ज्यूद्वेषी व्यंगचित्रांच्या फार जवळ जातं, ही टीका तेव्हापासून आजवर होते आणि ती उडवून लावण्यासारखी नाही.

त्या पहिल्या फेरेंगींतले एक नट होते आर्मिन शिमरमन. आपण ही जमात बिघडवायला हातभार लावला, ही रुखरुख त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली. १९९३ साली त्यांनाच ‘डीप स्पेस नाइन’मध्ये क्वार्कची भूमिका मिळाली. एका अवकाशस्थानकावर गुत्ता आणि जुगाराचा अड्डा चालवणारा फेरेंगी. आयरा स्टीव्हन बेअर या लेखकाला फेरेंगी मनापासून आवडायचे, आणि मालिकेची सूत्रं पुढे त्यांच्याकडेच आली. वॉर्फच्या वेळी जे घडलं तेच इथे घडलं, फक्त एकाऐवजी अख्खं कुटुंब घरात आलं: क्वार्क, त्याचा बावळट वाटणारा भाऊ रॉम, रॉमचा मुलगा नॉग, आणि पुढे त्यांची आई इश्का.

लेखकांनी लोभाची पाटी काढली नाही. उलट तिला शास्त्राचा दर्जा दिला. नफा कमावण्याचे २८५ नियम, फेरेंगींनी तोंडपाठ करायचे. आणि मग घरातला प्रत्येक जण त्या शास्त्राशी आपापल्या परीने भांडू लागला. फेरेंगी बायकांना कपडे घालायची आणि पैसा कमवायची बंदी. इश्का दोन्ही करते, आणि पोरांपेक्षा जास्त कमावते. रॉम भावाच्याच गुत्त्यात कामगार संघटना काढतो आणि संप करतो. नॉगला स्टारफ्लीटमध्ये, म्हणजे फेडरेशनच्या आरमारात, जायचं असतं. का, हे स्थानकाचा प्रमुख सिस्को खोदून खोदून विचारतो तेव्हा तो कळवळून सांगतो, की माझा बाप यंत्रांतला जादूगार आहे पण फेरेंगी म्हणून नापास, म्हणून जन्मभर अपमान गिळतोय; मला तसं व्हायचं नाही. १९९५ सालचा हा प्रसंग. आठ वर्षांपूर्वी हीच जमात चाबूक घेऊन उड्या मारत होती.

आणि क्वार्क? तो शेवटपर्यंत परंपरेच्या बाजूने. सगळे सुधारक झाले तर भांडण उरणार कुठे? लेखकांनी त्याच्या तोंडी एकदा फार नेमकी गोष्ट घातली. तो सिस्कोला म्हणतो, तुम्ही माणसं आम्हाला नाकं मुरडता, पण गुलामगिरी, छळछावण्या, असलं काही आमच्या इतिहासात नाही. तुमच्यापेक्षा आम्ही बरे. त्या दिवसापासून फेरेंगींकडे बघायची नजर उलटी झाली. दरवेळी जमलंच असं नाही. १९९८ मध्ये क्वार्कला बाई बनवून केलेला एक विनोदी भाग इतका वाईट आहे, की कट्टर चाहतेसुद्धा तो वगळून पुढे जातात.

नटाचा वाटा इथे विसरू नये. स्पॉकचा बोटं फाकवून केलेला व्हल्कन नमस्कार लेनर्ड निमॉय यांनी लहानपणी सिनेगॉगमध्ये पाहिलेल्या आशीर्वादाच्या मुद्रेवरून सुचवला होता. कागदावर नसलेल्या अशा गोष्टी जमातीच्या हाडीमाशी जातात.

जेव्हा खोली मारक ठरते

आता या सगळ्याच्या विरुद्ध जाणारं उदाहरण, नाहीतर माझं म्हणणं फार सोपं होईल. बोर्ग. १९८९ साली मॉरिस हर्ली यांनी लिहिलेल्या भागात ते आले. आधी कीटकांसारखी जमात योजली होती. ती खर्चात बसेना, म्हणून अर्धी यंत्रं अर्धी माणसं झाली. त्यांना बोलण्यात रस नाही, धमक्यांत नाही, माणसांतही नाही. फक्त यानाच्या तंत्रज्ञानात. तुम्ही त्यांच्या यानात शिरा, शेजारून चाला, ते मान वळवत नाहीत. भीती नेमकी यातच होती.

जून १९९० मध्ये त्यांनी ‘नेक्स्ट जनरेशन’च्या कॅप्टन पिकार्डलाच आपल्यात ओढलं, आणि प्रेक्षकांना पुढच्या भागासाठी सप्टेंबरपर्यंत ताटकळत ठेवलं. इथेच जमात बदलली: यंत्रं लुटणारे आता माणसं गिळू लागले. ही भर उत्तम होती. १९९२ मध्ये एक एकटा पडलेला तरुण बोर्ग सापडतो, त्याला ह्यू असं नाव मिळतं, आणि तो ‘आम्ही’ऐवजी ‘मी’ म्हणायला शिकतो. भाग सुंदर आहे. पण त्या दिवसापासून प्रत्येक बोर्गच्या आत एक ह्यू दडलेला आहे, हे प्रेक्षक विसरू शकला नाही. १९९६ च्या चित्रपटाला बोलणारा खलनायक हवा होता, म्हणून अॅलिस क्रिग यांची बोर्ग राणी आली. जिथे कुणीच प्रमुख नाही अशी जी जमात होती, तिला चेहरा आला, राग आला, डावपेच आले. पुढे ‘व्हॉयेजर’मध्ये सेव्हन ऑफ नाइन ही सोडवून आणलेली बोर्ग कायमची यानावर आली. ती पात्र म्हणून फार चांगली लिहिली गेली. पण एकटंदुकटं यान पुन्हा पुन्हा बोर्गांच्या तावडीतून सुटतं म्हटल्यावर त्यांची जरब राहणार किती?

म्हणजे आतला माणूस दाखवला की जमात मोठी होते, हे बोर्गांना लागू पडत नाही. त्यांच्या आत माणूस नाही, हीच त्यांची ताकद होती. क्लिंगॉन आणि फेरेंगी हे समाज आहेत, बोर्ग हे संकट आहे. संकटाला चरित्र दिलं की त्याचं संकटपण कमी होतं, आणि लेखकांना ते कळत असूनही थांबता येत नाही, कारण पुढचा हंगाम लिहायचा असतो.

अलीकडच्या मालिकांपुढे आणखी एक पेच आहे. ‘एंटरप्राइज’, ‘डिस्कव्हरी’चे पहिले दोन हंगाम आणि ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या सगळ्या मूळ मालिकेच्या आधीच्या काळात घडतात. शेवट ठाऊक असलेल्या काळात जमात पुढे नेता येत नाही, फार तर ती अशी का झाली ते सांगता येतं. म्हणून ठिगळं वाढतात. २०१७ मध्ये ‘डिस्कव्हरी’ने क्लिंगॉन पार नव्याने घडवले: केस नाहीत, लांबट कवट्या, चार नाकपुड्या, आणि तोंडावर इतकं रबर की नटांना ओठ हलवायची पंचाईत. बहुतेक संवाद क्लिंगॉन भाषेत. मेहनत डोळ्यात भरते, पण त्या मुखवट्यातून रॉबर्ट ओ’रायली यांच्या गॉरॉनसारखे बटबटीत, वेडसर डोळे काही बाहेर आले नाहीत. प्रेक्षकांनी कुरकुर केली, २०१९ च्या दुसऱ्या हंगामात केस परत आले, आणि खुलासा असा, की युद्धाच्या काळात ते मुंडण करतात. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ने खुलासा वगैरे न करता सरळ जुन्या धर्तीचं कपाळ वापरलं.

पुढे सरकण्याची मुभा होती ती ‘लोअर डेक्स’ या कार्टून मालिकेला, कारण तिचा काळ ‘डीप स्पेस नाइन’नंतरचा. २०२१ च्या एका भागात तिने क्लिंगॉन यानावरचे कनिष्ठ दर्जाचे खलाशी दाखवले, वरिष्ठांची मर्जी सांभाळत दिवस काढणारे. २०२३ मध्ये तिने फेरेंगींच्या ग्रहावर चक्कर मारली. १९९९ साली राज्यावर बसलेला रॉम अजून गादीवर होता, मॅक्स ग्रोडेनचिक यांच्याच आवाजात, आणि फेडरेशनमध्ये सामील होण्याच्या वाटाघाटी करत होता. वाटाघाटीत त्याने समोरच्यांना भरपूर घाम फोडला.